साहेबांची गाडी आणि शाळेची वाट

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणारी चार मराठी माणसे संध्याकाळी एकत्र बसली, म्हणजे बोलण्याचा ओघ तासाभरात बालपणाकडे वळतो, असा माझा तीस-बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. आरंभी बदल्यांचा विषय निघतो, मग बढत्यांचा, मग येथे मनासारखे ज्वारीचे पीठ मिळत नाही याचा. आणि हे सारे बोलून झाले की कोणीतरी शाळेची आठवण काढतो. कोकणातला माणूस पावसाळ्यात साकव ओलांडून जाण्याचे सांगतो, देशावरचा उन्हात तापलेल्या धुळीचे सांगतो, आणि पुण्याचा असेल तर वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत आपण शाळा कशी गाठीत असू, याचे रसभरित वर्णन करतो. चिंचा कोठे मिळत, कोणत्या वाड्यातला कुत्रा अंगावर धावून येई, कोणत्या वळणावर मित्राची वाट पाहावी लागे, हे सांगताना मोठमोठ्या हुद्द्यांवरील माणसांचे चेहरे उजळलेले मी पाहिले आहेत.

अशा वेळी मी अलीकडे एकच प्रश्न विचारतो : "आपली मुलगी, आपली नात, आज शाळेत कशी जाते?"

उत्तर ठरलेले असते. "गाडीने. हल्ली मुलांना एकटे सोडण्याजोगा रस्ता राहिलाय कुठे?"

हे उत्तर देणारे गृहस्थ कोण असतात? कोणी बांधकाम खात्यात अधीक्षक अभियंता असतो, कोणी नगरविकासाचा कारभार पाहतो, कोणी पोलिस खात्यात वरच्या जागेवर असतो. ज्या रस्त्याला ते नावे ठेवतात तो त्यांच्याच, नाहीतर त्यांच्या शेजारच्या टेबलावरून मंजूर होऊन गेलेला असतो. पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याने आभाळाला बोल लावावा, हे समजण्याजोगे आहे; पण पाणी आले नाही म्हणून पाटकऱ्यानेच कपाळाला हात लावावा, याला काय म्हणावे?

या लेखात मला एक आरोप करावयाचा आहे, आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव माझे स्वतःचे आहे. आपल्या शहरांतील शाळेच्या वाटा मुलांच्या जिवावर उठल्या आहेत, त्याचे कारण दारिद्र्य नव्हे, लोकसंख्या नव्हे, कायद्याचा अभाव तर मुळीच नव्हे. ज्यांनी त्या वाटांचा निर्णय करावयाचा ती माणसे त्या वाटांवरून चालेनाशी झाली, हे त्याचे कारण होय.

आधी हानी किती आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. अठरा वर्षांखालील मृतांची संख्या साडेनऊ हजारांच्या घरात होती. म्हणजे दररोज पंचवीसच्या वर मुले. एखाद्या गावात एका दिवशी पंचवीस मुले पटकीने गेली असती तर काय झाले असते याची आपण कल्पना करू शकतो. जिल्हाधिकारी रात्रभर जागले असते, विधानसभेत तहकुबीची सूचना आली असती. येथे तेवढीच मुले रोज जातात, पण ती देशभर विखुरलेली असतात. म्हणून कोणीच जागत नाही. आणि जी मरत नाहीत, केवळ जायबंदी होतात, त्यांच्यापैकी कित्येकांची, आणि भीतीपोटी ज्यांचे घराबाहेर पडणेच बंद होते, त्यांची तर कोणत्याही अहवालात नोंद नाही.

अशा एका नोंद न झालेल्या मुलीची हकीकत मला सांगावयाची आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी उत्तरेकडील एका राजधानीच्या शहरात होतो. एका सरकारी शाळेसमोरच्या रस्त्यावर मोटारींची गर्दी होऊ लागली, म्हणून रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव माझ्याकडे आला. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे नवी जमीन घ्यावयाची नव्हती. दोन्ही बाजूंना दहा-दहा फुटांचे पदपथ होते, ते कापून तीन-तीन फुटांवर आणावयाचे होते. नकाशा स्वच्छ होता, अंदाजपत्रक बिनचूक होते. मी तो नकाशा माझ्या खोलीत बसून पाहिला आणि शेरा लिहिला : "वाहतुकीच्या हिताच्या दृष्टीने प्रस्ताव योग्य वाटतो." त्या शाळेत पायी येणारी शेकडो मुले हीदेखील वाहतूकच आहे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. त्या तीन फुटांतच पुढे विजेचे खांब आले, मग एक रोहित्र आले, मग कोणाची तरी मोटार एक बाजू वर चढवून उभी राहू लागली. पदपथ कागदावर मात्र शिल्लक होता.

आमच्या कार्यालयातील एका शिपायाची मुलगी त्या शाळेत सातवीत होती. पावसाळ्याच्या दिवसांत एकदा कडेला पाणी साचले होते, म्हणून ती खाली रस्त्यावर उतरली, आणि मागून आलेल्या मोटरसायकलीने तिला उडविले. पाय दोन ठिकाणी मोडला. वर्ष बुडाले. पुढच्या वर्षी आईबापांनी तिला गावी आजीकडे पाठवून दिले. तेथे सातवीच्या पुढे शाळा नव्हती.

मी त्या शिपायाची विचारपूस केली तेव्हा तो आपल्या भाषेत म्हणाला, "साहेब, तिचीच चूक. तिने मागे पाहायला हवे होते." मी मान डोलावली. त्या शेऱ्याखाली माझी सही आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि तरीही मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची लाज मला सहीपेक्षाही अधिक वाटते.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळतो. हे आक्षेप मी बैठकांतून इतक्या वेळा ऐकले आहेत, आणि स्वतःही इतक्या वेळा घेतले आहेत, की ते मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप असा, की मुलांना वाहतुकीचे नियम शिकवावेत म्हणजे झाले. नियम अवश्य शिकवावेत. परंतु मूल हे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. सात-आठ वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या मोटारीचा वेग नीट जोखता येत नाही, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे; तो त्याच्या वाढत्या दृष्टीचा आणि मेंदूचा धर्म आहे, अवज्ञा नव्हे. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारींच्या वरून त्याला पलीकडचे दिसत नाही, आणि पलीकडच्या चालकाला ते दिसत नाही. वेगाचे गणितही निष्ठुर आहे : वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी तीस किलोमीटरच्या धडकेतून बहुतेक माणसे वाचतात. पन्नास-साठच्या पुढे वाचण्याची आशा झपाट्याने मावळते. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जेथे पायी चालणारे व वाहने एकत्र येतात तेथे वेग तीसच्या आत ठेवावा, असे घोषणापत्रात नमूद केले. चूक करणे हा बालपणाचा हक्क आहे. त्या चुकीला देहान्ताची शिक्षा नसावी, एवढी तजवीज करणे हे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप : आपल्या लोकांना शिस्तच नाही. हा आक्षेप घेताना आपण 'आपल्या लोकांत' स्वतःला धरीत नाही, ही गंमत सोडून देऊ. दिल्लीत २००२ सालापासून मेट्रो चालते. रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर जाणारी तीच माणसे तेथे जिना उतरली की रांगेत उभी राहतात, जिकडे जावयाचे तिकडची पाटी वाचतात. चार पायऱ्यांत त्यांचे संस्कार बदलले काय? बदलली ती जागा. रस्त्याची रचनाच जर सांगत असेल की येथे जो जोरात हाकील त्याचे राज्य, तर माणसे जोरातच हाकणार. ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीची केली, वळणाचा कोपरा आवळला, चौकाचे तोंड अरुंद केले, की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तेथे शिपाई उभा करावा लागत नाही. केवळ पांढरे पट्टे ओढून मोकळे होणे म्हणजे नदीकाठी 'पुरापासून सावध राहा' अशी पाटी लावून धरण बांधल्याचे समाधान मानणे होय.

तिसरा आक्षेप : पदपथ वाढविले तर वाहतूक तुंबेल. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही नावाजलेल्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहावे. तेथे जी कोंडी दिसते ती कोणाची असते? एकेका मुलासाठी आलेल्या एकेका मोटारीची. रस्त्यावर मोटारी फार, म्हणून आईबाप मुलांना चालत पाठवीत नाहीत. मुले चालत नाहीत, म्हणून रस्त्यावर आणखी मोटारी येतात. या चक्रातून सुटण्यासाठी आपण रस्ता रुंद करतो आणि चक्राला आणखी एक वेढा देतो. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ साली आले. वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविणे महत्त्वाचे, हे त्याचे सूत्र आहे. ते धोरण आपल्यासारख्याच अधिकाऱ्यांनी लिहिले आहे. ते वाचावयाचे मात्र राहून गेले.

चौथा आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो : सायकलमार्ग बांधून पाहिले, कोणी वापरीत नाही. मी असे कित्येक सायकलमार्ग स्वतः चालून पाहिले आहेत. दोनशे पावलांवर खांब येतो, पुढे गटाराचे उघडे झाकण येते, त्यापुढे मोटारी उभ्या असतात, आणि शेवटी मार्ग एका भिंतीशी जाऊन संपतो. असा मार्ग कोणी वापरला असता तर त्याच्या बुद्धीची शंका घ्यावी लागली असती. आणि जेथे मार्ग बरा होता तेथे काय झाले? दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद या टप्प्यावर २००८ साली बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका झाली, आणि तिच्यासोबत सायकलमार्ग व पदपथही झाले. मोटारवाल्यांनी पहिल्या दिवसापासून ओरड केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ साली न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. त्या रचनेत दोष होते, आणि ते दुरुस्त करण्याजोगे होते. परंतु २०१६ साली ती सारीच उखडून टाकण्यात आली. बसने व सायकलीने जाणाऱ्यांचा आवाज ओरडणाऱ्यांइतका मोठा नव्हता. आणि तो ऐकणारे कान मोटारीच्या बंद काचांआड होते.

पाचवा आक्षेप : हे सारे युरोपचे चोचले आहेत; आपल्यासारख्या गरीब देशाला ते परवडणारे नाहीत. हॉलंड हा सायकलींचा देश, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण तो देश जन्मतःच तसा होता असे समजणे चूक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकलमार्ग मोडून रस्ते रुंद झाले, आणि १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी शाळेच्या वाटेवर गेली अशा एका पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. 'बालहत्या थांबवा' हे त्याचे शीर्षकच पुढे एका चळवळीचे नाव झाले. आया मुलांना घेऊन रस्त्यांवर बसल्या, माणसे सायकलींसह रस्त्यात आडवी झाली. राज्यकर्त्यांना ऐकावे लागले. पन्नास वर्षांनंतर मोटारी कितीतरी अधिक असूनही तेथे वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात, आणि तेथील मुले आपल्या सायकलीने शाळेत जातात. तो बदल त्या देशाच्या श्रीमंतीने आपोआप घडवून आणला नाही. १९७१ सालीही तो देश श्रीमंतच होता, आणि मुले मरतच होती.

आणि गरीब प्रांताचेच उदाहरण हवे असेल तर बिहारचे घ्या. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर चाळीस टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. शाळा जितकी लांब, तितका सायकलीचा गुण अधिक. ज्यांना आपण मागासलेला प्रांत म्हणून नाक मुरडतो त्यांनी दोन चाकांवर मुलींची एक पिढी शाळेत नेली. आता त्याच मुलींना, आणि त्यांच्या धाकट्या बहिणींना, शहरांत आल्यावर ती सायकल चालविण्यास जागा नाही. सरकारच्या एका खात्याने सायकल द्यावयाची आणि दुसऱ्याने तिच्या वाटेवर उड्डाणपूल उतरवावयाचा, याला कारभार म्हणत नाहीत.

पैशांचे म्हणाल, तर एका उड्डाणपुलाच्या खर्चात किती शाळांभोवतीचे पदपथ सलग होतील, याचा हिशेब कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याकडून अर्ध्या तासात करून घेता येईल. तो करून घ्यावा, आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत खिशात ठेवावा.

आणखी एक आक्षेप आहे. तो उघडपणे घेतला जात नाही, पण नस्तीत सर्वत्र दिसतो : पदपथ आहेत, पण फेरीवाल्यांनी अडविले आहेत. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. त्यांची गणना करावी, त्यांना जागा नेमून द्याव्यात, असे तो सांगतो. ते काम आपण करीत नाही. आणि अतिक्रमण हटविण्याची मोहीम निघाली की पहिली उचलली जाते ती भाजीवालीची पाटी. तिच्या शेजारी पदपथावर चाके चढवून उभी असलेली, भाजीवालीच्या दसपट जागा अडविणारी मोटार कोणालाच दिसत नाही. तिला आपण अतिक्रमण म्हणत नाही. वाहनतळाची समस्या म्हणतो. शब्द योजण्यात सरकारी नोकर किती चतुर असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कायदा अपुरा आहे, असेही म्हणता येणार नाही. पदपथ कसा असावा याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक २०१२ सालापासून आपल्या कपाटात आहे : चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, आणि पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यातील एका कलमाप्रमाणे, रस्त्याची आखणी वा बांधणी मानकाप्रमाणे न करणाऱ्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर त्या यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि २०२५ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चालण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मानक आहे, कायदा आहे, निवाडा आहे. यांतले काही नसते तर आपण मोठ्या आनंदाने 'धोरणाच्या प्रतीक्षेत' असा शेरा मारून बसलो असतो. आता ती सोयही उरलेली नाही.

हे होऊ शकते, याची उदाहरणे परदेशातच आहेत असे नाही. चेन्नईच्या महापालिकेने २०१४ साली पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले, आणि गजबजलेल्या पाँडी बाजारात रुंद पदपथ करून तो रस्ता २०१९ साली लोकांना खुला केला. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरही गेल्या दहा वर्षांत पदपथ रुंद झाले. तेथे बाकांवर बसलेली म्हातारी माणसे आणि मोकळेपणी चालणारी मुले पाहावयास मिळतात. चंदीगडमध्ये तर १९५० नंतरच्या आखणीतच प्रत्येक सेक्टरच्या मधून हिरवळीचा पट्टा ठेवला, शाळा त्या पट्ट्यात घातल्या, आणि पायवाटा त्यांतून नेल्या. नवस्वतंत्र आणि आजच्याहून कितीतरी गरीब असलेल्या देशाला जो विचार सुचला तो आज आपल्याला सुचू नये, हे लज्जास्पद आहे. मात्र हेही खरे, की ही उदाहरणे एकेका रस्त्याची, एकेका पेठेची आहेत. बाजारपेठेचा रस्ता सजविला म्हणजे छायाचित्र चांगले येते. सरकारी शाळेमागची गल्ली दुरुस्त केली तर उद्घाटनाला कोणी येत नाही. आणि मुले चालतात ती त्या गल्लीतून.

मग करावयाचे काय? मी येथे चारच गोष्टी सुचवितो. त्यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवीन समिती नेमावी लागत नाही.

पहिली गोष्ट अशी, की ज्याच्या सहीने रस्त्याचा प्रस्ताव पुढे जातो, त्याने सही करण्यापूर्वी त्या रस्त्यावरच्या सर्वांत जवळच्या शाळेच्या वेळी, कामाच्या दिवशी, अर्धा किलोमीटर पायी चालावे. पाठीवर पाच किलोचे दप्तर घ्यावे. गाडी आणि लवाजमा मागे ठेवावा. जमल्यास एखाद्या सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरावे. म्हणजे रस्ता ओलांडताना किती वेळ थांबावे लागते, आणि त्या चिमुकल्या हाताची पकड किती घट्ट होते, हे कोणत्याही अहवालापेक्षा चांगले कळते.

दुसरी गोष्ट : प्रत्येक शाळेभोवतीचा अर्धा किलोमीटर हा मुलांचा मुलूख मानावा. तेथे १.८ मीटरचा सलग पदपथ असावा, वाहनांचा वेग रस्त्याच्या रचनेनेच तीसच्या आत राहावा, फाटकासमोर ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीची असावी, आणि फाटकापासून दोनशे मीटरांच्या आत एकही मोटार थांबू नये. मग ती कोणाचीही असो. 'कोणाचीही' हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आपल्या मुलांना घेऊन दोन वडीलधारी माणसे रोज सकाळी निघाली, वाटेतल्या मुलांना सोबत घेत गेली, तर पायी जाणारा एक जथा तयार होतो. शिपायाची मुलेही त्यात येतील, साहेबांचीही येतील. गणेशोत्सवाची वर्गणी, दिवाळी पहाट आणि नाट्यप्रयोग यांची व्यवस्था चोख ठेवणाऱ्या आपल्या महाराष्ट्र मंडळांना हे अवघड नाही. साहेबांची मुलगी ज्या रस्त्याने चालते तो रस्ता महिन्याभरात दुरुस्त होतो, हा आपल्या देशातील अलिखित नियम आहे. तो नियम मोडता येत नसेल, तर निदान तो शिपायाच्या मुलीच्या उपयोगी पडू द्यावा.

चौथी गोष्ट एका ओळीची आहे. रस्त्याच्या प्रत्येक नस्तीत एक ओळ सक्तीची करावी : "या कामानंतर दहा वर्षांचे मूल येथून एकटे शाळेत जाऊ शकेल काय?" उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असावे, आणि त्याखाली नाव व हुद्दा असावा. 'वाहतुकीच्या हिताच्या दृष्टीने' हे शब्द तेथे चालू नयेत.

काही वाचक म्हणतील, की आम्ही परप्रांतात. येथले राजकारण निराळे, लोक निराळे. आज येथे तर उद्या दुसरीकडे. आम्ही कशाला पुढाकार घ्यावा? हा युक्तिवाद मला परिचित आहे, कारण तो मीही तीस वर्षे केला. पण बदलीवर आलेल्या माणसाचा पगार त्याच गावाच्या करांतून येतो, आणि त्याची सही तो गेल्यानंतरही त्या गावात राहते. मी त्या शहरातून बदलून गेलो त्याला पुष्कळ वर्षे झाली. तो रस्ता अजून तसाच आहे. तीन फुटांचा पदपथ अजून तसाच आहे. गेल्या वर्षी एका लग्नानिमित्त तेथे जाणे झाले तेव्हा मी सकाळी शाळेच्या वेळी मुद्दाम तेथे जाऊन उभा राहिलो. मुली येत होत्या. रोहित्रापाशी आल्या की एकेक करून खाली रस्त्यावर उतरत होत्या, मागे वळून पाहत होत्या, आणि पळत पुढे जाऊन पुन्हा वर चढत होत्या. मागे वळून पाहण्यास त्या शिकल्या आहेत. त्यांना ते शिकावे लागले, हा माझा कारभार.

माझी सही मला आता परत घेता येत नाही. आपली अजून व्हावयाची आहे.